फोटो क्रमांक सात

आमच्या शेजारचे मारुतीआप्पा कोणतीही वस्तू घरात घेण्याआधी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करतात आणि कान देऊन ऐकतात. नारळ, माठ, फरशी, कपबशी, काहीही. आवाज खणखणीत आला तर "पास", नाहीतर "रिजेक्ट". उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत तीस वर्षं त्यांनी ओतीव माल असाच ठोकून तपासला. नोकरी संपली, बोट काही थांबलं नाही. उचगावच्या बाजारातली भोपळेवाली त्यांना लांबून बघूनच ओरडते, "आप्पा, ठोका, पर हळू ठोका!"

त्यांची एकुलती एक मुलगी रेश्मा त्याच फौंड्रीच्या निर्यात विभागात लागली. तिथे पंपाचे भाग पाहायला न्यूझीलंडहून डॅनियल नावाचा इंजिनिअर आला आणि वर्षभरात रेश्माने त्याच्याशीच लग्न करणार असं घरी सांगून टाकलं. गल्लीला वाटलं, आता आप्पा घर डोक्यावर घेणार. आप्पांनी पोराला अंगणात उभं केलं, पाठीवर दोन थापा मारल्या आणि निकाल दिला, "पोकळ न्हाय. पास." मला म्हणाले, "माल तपासायला आलता आक्का, पोरगीच घिऊन चाललाय. नजर चांगली हाय गड्याची!"

लग्न गावातच मांडव घालून झालं. डॅनियल आठ महिने आप्पांच्या घरी राहिला, मग नोकरीसाठी परत गेला. रेश्माला त्याच्याकडे जायचं तर जोडीदाराचा व्हिसा हवा होता. त्यासाठी हे लग्न खरं आहे, नुसतं कागदावरचं नाही, हे तिकडच्या अधिकाऱ्याला पटवणं आलं. मी शाळेच्या ऑफिसात कारकून. यादी केल्याशिवाय मी भाजीलाही जात नाही. मी वही उघडली आणि बावीस बाबी लिहून काढल्या.

अकरावी बाब होती कुटुंबातल्या साक्षीदाराचं पत्र. आप्पांनी फूटपट्टीने रकाने आखून ते आणलं. 'तपासणीचा कालावधी: आठ महिने. आढळलेले दोष: तिखट सोसत नाही, ओला टॉवेल गादीवर टाकतो. दुरुस्ती: टॉवेलाची झाली. निर्णय: पास.'

रेश्माने कपाळाला हात लावला. "आप्पा, हे पाठवायचं?"

"मग काय खोटं लिवू?"

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत करून जोडलं. त्यावर तिकडून एकही शंका आली नाही. घोटाळा झाला तो माझ्या सोळाव्या बाबीत, लग्नाच्या फोटोंत. बारा फोटो मी निवडले, नंबर घातले, प्रत्येकाखाली कोण कोण ते लिहिलं. तीन आठवड्यांनी मेल आली: अर्जात वधूची आई हयात नाही असं लिहिलं आहे. फोटो क्रमांक सात, नऊ आणि बारामध्ये वधूची आई उभी आहे. खुलासा करावा. तो न पटल्यास अर्ज नामंजूर होऊ शकतो.

दोन्ही ओळी माझ्याच होत्या. आप्पांच्या पत्नी शांताकाकू रेश्माच्या लग्नाच्या चार वर्षं आधीच वारल्या. आप्पांनी स्टुडिओवाल्याकडून कॉम्प्युटरवर त्यांना फोटोंत उभं करून घेतलं होतं, हिरवी साडी, तिन्ही फोटोंत तेच हसू. आमच्याकडे गेलेल्या माणसाला अल्बममध्ये असं बोलावतातच. माझ्या भावाच्या लग्नातही वडील आहेत. त्यामुळे 'वधूचे आईवडील' लिहिताना माझा हात अडखळलाच नाही.

रेश्मा रडकुंडीला आली. "आक्का, त्यांना वाटंल सगळंच खोटं हाय. लग्नबी."

"गप गं," आप्पा म्हणाले. "मी घातला घोळ, मी निस्तरतो."

या वेळी त्यांनी रकाने आखले नाहीत. चारच ओळी लिहिल्या. 'हिरव्या साडीतली बाई माझी बायको. ती वारली आहे. तिला फोटोत मी घालायला लावली. पोरीचा आणि जावयाचा यात दोष नाही.' सोबत मृत्यूचा दाखला आणि स्टुडिओवाल्याकडून मागवलेले मूळ फोटो जोडले. महिन्याभरात व्हिसा आला. रेश्मा गेली.

पण ते मूळ फोटो जोडायला घेतले तेव्हा मी पुन्हा पुन्हा बघत बसले होते. सात, नऊ, बारा, तिन्हींत आप्पा आणि रेश्मा यांच्यामध्ये एका माणसाएवढी जागा रिकामी होती. मला वाटलं, फोटोच बिघडलाय. स्टुडिओवाल्याला फोन केला.

"न्हाय आक्का, फोटो बराबर हाय," तो म्हणाला. "मी वरडून दमलो, आप्पा, पोरीजवळ सरका. तर म्हनले, 'ऱ्हाऊ दे मोकळी. तू काढ.'"

फोटो क्रमांक बारामध्ये सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. आप्पा तेवढे त्या मोकळ्या जागेकडे बघून हसतायत.