तारेतला गाळ

"पानी खेळंना वाफ्यात, गाळ साचला पाटाला,
टोक उघड रं लेकरा, वाट दे तू घाणीला..."

आई तानूबाईचा हा आवाज गंगारामच्या कानात चाळीस वर्षं मुक्कामाला होता. ती वाफ्यांना पाणी द्यायला दारं धरायची, कमरेएवढा गंगाराम पाटाचं टोक फोडायचा, आणि गाळ वाहून गेला की पाणी पैंजण घातल्यासारखं पळायचं. पुढं वरकुट्याच्या रानात डाळिंबं आली, ठिबकच्या नळ्या आल्या, पण ओवी तीच राहिली. दर चौथ्या दिवशी गंगाराम प्रत्येक नळीच्या टोकाचं टोपण काढायचा, गाळ सोडायचा, टोपण परत लावायचा. दुनियेत काहीही अडलं तरी आधी टोक उघडावं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं!

अठ्ठ्याण्णव साली लोणी देवकरच्या सॉसच्या कारखान्यात मालकांनी टोमॅटोच्या चार कढया एका तारेनं कॉम्प्युटरला जोडल्या. गंगाराम तिथं पाच वर्षं खोकी उचलत होता. मालक म्हणाले, "पॅनेलवर बसून कढया चालवायला माणूस हवाय. नेटवर्कचे चार शब्द जो समजावून सांगेल, तो पॅनेलवर. बाकीचे खोक्यांवर!"

गंगारामचे गुडघे तर केव्हापासून जुन्या बैलगाडीगत कुरकुरत होते. घरी येऊन त्यानं जाहीर केलं, "पॅनेलवर मीच बसनार!"

"टीव्हीचं बटान फिरवता येईना, आन कढया फिरवनार म्हनं!" बायको शालननं भाकरी थापता थापता त्यालाही थापलं.

पण सून करुणा पाठीशी उभी राहिली. ती त्याच कारखान्यात कॉम्प्युटरवर होती, तीन महिन्यांच्या बोलीवर, नोकरी अजून कच्चीच. "मामा, मी शिकवते तुम्हांला," म्हणाली.

इंग्रजी शब्द डोक्यात ठरेनात. मग गंगारामनं त्यांना ओवीच्या दावणीला बांधलं:

"सर्व्हर बाई थोरली, हुकूम देई चौघींना,
नोड म्हनू एकेकीला, पत्ता न्यारा साऱ्यांना!

तारंच्या टोकाला टोपी, टर्मिनेटर तिचं नाव,
काढली जर का कुनी, मुकं होई सारं गाव!"

महिनाभर हेच! गोठ्यात हेच, एसटीत हेच. पौर्णिमेला विहारात वंदना चालली असतानाही ओठांवर सर्व्हर आला, तेव्हा शालननं असा चिमटा काढला की सर्व्हर बोंबलतच बाहेर पडला!

परीक्षेचा दिवस उजाडला. गंगाराम इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधीच हजर. करुणा पडद्यापुढं कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"काय झालं गं?"

"नेटवर्क लई हळू चाललंय, मामा. कुठंतरी अडकतंय बघा."

अडकतंय! गंगारामच्या कानात तानूबाई जागी झाली. तो उठला. काळ्या तारेचा माग काढत एक कढई, दुसरी, तिसरी करत चौथीच्या मागं पोचला. तिथं तार संपली होती, आणि तिच्या टोकाला होतं चकचकीत पितळी टोपण. हुबेहूब ठिबकचं! 'लावल्यापासनं एकदाबी उघडलं नसंल. मग तुंबंल न्हाय तर काय!'

त्यानं टोपण पिळून काढलं. तारेचं तोंड खाली करून झटकलं, दोन टिचक्या मारल्या, एक फुंकर घातली आणि गाळ पडायची वाट बघत उकिडवा बसला.

गाळ पडला नाही. बोंब पडली!

"मामाऽ! कढया ऐकंनात!"

चौथ्या कढईत रस सोडायचा हुकूम पोचला होता, 'बास' म्हणायचा पोचलाच नाही. कढई काठोकाठ भरली, उतू गेली, आणि टोमॅटोचा रस उजनी धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा फरशीवरून निघाला. त्याच घडीला मालक दारातून आत आले. पांढरे बूट घालून!

गंगारामनं टोपण खिशात कोंबलं, धावत जाऊन हातानं नळ बंद केला. तोवर मालकांचे बूट लग्नातल्या नवरीच्या पावलांगत लालेलाल झाले होते.

कारखान्यात ही तार टाकून दिलेल्या फारुकला बारामतीहून बोलावणं गेलं. तो फटफटीवरून आला आणि थेट कॉम्प्युटर उघडून बसला. तास गेला, काही सापडेना. मालक करुणावर कडाडले, "पत्ते चुकीचे टाकलेत तुम्ही! उद्यापासून येऊ नका!"

"साहेब, पत्ते मी दोनदा तपासलेत," फारुक म्हणाला. "करुणाताईंचं काम चोख हाय."

"मग बंद का आहे?"

फारुकनं पुन्हा कॉम्प्युटरात डोकं घातलं. करुणानं पदराचं टोक मुठीत आवळलं. गंगारामला वाटलं, सांगावं. पण टोक उघडल्यानं वाट मोकळीच होते की! त्यानं कधी काय बिघडलंय?

"तुमची परीक्षा उरकून टाकू," मालक चिडून त्याच्याकडं वळले. "बोला! सर्व्हर?"

गंगारामनं छाती काढून ओवीच सुरू केली. सर्व्हर झाला, नोड झाला, पत्ता झाला. फारुक मान डोलवायला लागला. मालकांच्या आठ्या सैलावल्या. पॅनेलची खुर्ची समोर दिसत होती, गादीची, फिरती!

"वा! आता शेवटचा. टर्मिनेटर?"

"तारंच्या टोकाला टोपी, टर्मिनेटर तिचं नाव," गंगाराम ठेक्यात निघाला, "काढली जर का कुनी..."

आणि थांबला. हात आपसूक खिशाकडं गेला. खिसा एकाएकी चौथ्या कढईएवढा जड झाला.

"पुढं?" मालक म्हणाले. "एवढं सांगितलंत की खुर्ची तुमची!"

गंगारामनं खुर्चीकडं पाहिलं. मग करुणाच्या आवळलेल्या मुठीकडं पाहिलं. सावकाश खिशातून पितळी टोपी काढून त्यानं टेबलावर ठेवली.

"मुकं होई सारं गाव, साहेब. पोरीचं काय चुकलं न्हाय. टोपी सकाळधरनं माझ्या खिशात हाय."

फारुक टोपी उचलून चौथ्या कढईकडं धावला. गंगाराम खाली मान घालून पुटपुटला,

"आन गाळ मातुर कायबी निघाला न्हाय."