सुजाताची सत्तावीस वाक्यं

सुजाता गायकवाडने मला विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता : "काका, तुम्हाला वाईट वाटतं तेव्हा ते कुठे वाटतं?"

आम्ही लिफ्टमध्ये होतो. माझ्या हातात मेथीच्या दोन जुड्या, तिच्या पाठीवर भलीमोठी सॅक. चारच दिवसांपूर्वी ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायला आली होती आणि शेजारधर्म म्हणून मी "लागलं का घर?" एवढंच विचारलं होतं.

"कुठे म्हणजे? घरीच वाटतं," मी म्हणालो.

"तसं नाही. शरीरात कुठे? छातीत, पोटात, डोक्यात? नेमकं सांगा."

चौथा मजला आला. मी बाहेर पडलो, तीही पडली. मी दाराला किल्ली लावेपर्यंत ती उत्तराची वाट बघत शांतपणे उभी. शेवटी सुटका व्हावी म्हणून मी "गुडघ्यात" असं ठोकून दिलं. तिने सॅकच्या कप्प्यातून छोटी वही काढली आणि ते लिहून घेतलं.

"थँक्यू काका. गुडघा अजून कोणी सांगितला नव्हता."

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत सगळ्या तऱ्हेचे भाडेकरू येऊन गेलेत. एकाने बाथरूममध्ये कासव पाळलं होतं. पण दुःखाचा पत्ता विचारणारी ही पहिलीच.

हळूहळू उलगडा झाला. सुजाता बत्तीस वर्षांची, मूळची हिंगोलीकडची. मनाच्या आजारांचं शास्त्र शिकलेली. दोन वर्षं एका हॉस्पिटलच्या वॉर्डात ट्रेनिंग घेतलेलं आणि आता त्याच विषयात पीएचडी चाललेली. कोणी "डॉक्टर" म्हटलं की लगेच दुरुस्ती करायची, "डॉक्टर नाही, होतेय."

तिच्या पीएचडीचं मूळ एका कागदात होतं. माणसाला नैराश्य आलंय का, हे ओळखायला दवाखान्यात प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतात. असले फॉर्म बहुतेक इंग्रजीतून मराठीत आलेले. त्यातला एक तिने मला वाचून दाखवला : "'गेल्या दोन आठवड्यांत आपणांस खिन्नतेची भावना किती वेळा जाणवली?' काका, तुमच्या ओळखीत खिन्न झालेलं कोणी आहे?"

मी मनातल्या मनात सगळी पेन्शनर मंडळी आठवून पाहिली. वैतागलेले बरेच होते, कावलेले होते, एक जण कायमचा रुसलेला होता. खिन्न कोणीच नव्हता.

"तेच तर! माणसं ज्या शब्दांत रडतात, त्याच शब्दांत विचारायला नको का?"

म्हणून ती शब्द गोळा करत फिरायची. मासळीवाल्या सुगंधाबाईंकडे ती अर्धा किलो बांगडे घ्यायला गेली आणि दीड तासाने परत आली. बांगडे विसरून. चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा. "काका, त्या म्हणाल्या, 'मना काय झायलंय? काय नाय. पन धनी गेल्यापासून जीवाला ओहोटी लागलीय, ती भरतच नाय.' ओहोटी! कुठल्या पुस्तकात मिळेल हे?" मार्केटात कांद्याची पोती उचलणाऱ्या एका साताऱ्याकडच्या माणसाने तिला सांगितलं होतं, की पोतं खाली ठेवलं तरी ते खांद्यावरच आहे असं वाटतंय. ते वाक्य लिहून घेतलेलं पान तिने मला दाखवलं, पण त्यावर एक शब्दही बोलली नाही.

ही वाक्यं ती चिठ्ठ्यांवर उतरवून भिंतीला चिकटवायची, हे आम्हाला माहीत नव्हतं. एके दिवशी माझी बायको मंगला तिला उपम्याची वाटी द्यायला गेली आणि वाटीसकट पळत परत आली.

"अहो, चला आधी! त्या पोरीच्या घरात भिंतभर लिहून ठेवलंय. 'जगण्यात राम नाही', 'सकाळ नकोशी वाटते', 'कोणाला काय फरक पडतो'. एकटी राहते हो!"

मी लेंग्यावरच धावलो. सुजाताला खुर्चीत बसवलं, समोर उभा राहिलो आणि अव्वल कारकुनाच्या तीस वर्षांच्या नोकरीत कमावलेला सगळा धीरगंभीरपणा आवाजात आणून भाषण केलं. आयुष्य सुंदर आहे. अंधारानंतर उजेड असतो. माझंही प्रमोशन दोनदा हुकलं होतं. मंगलाने मागे डोळ्यांना पदर लावलेला.

सुजाताने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, हा माझा डेटा आहे."

"काय आहे?"

"अभ्यासाचे कागद. लोकांची वाक्यं. पण तुम्ही दोघं धावत आलात, हे फार बरं केलंत. फक्त 'आयुष्य सुंदर आहे' असं कोणाला म्हणू नका हं. ट्रेनिंगमध्ये आमची ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडतात."

"मग काय म्हणायचं?"

"काहीच नाही. ऐकायचं."

ऐकायची तिची ताकद मात्र जबरदस्त. आमचे सेक्रेटरी म्हात्रे इथल्याच गावठाणातले, आवाज खणखणीत. दाराबाहेर चपला ठेवल्या म्हणून ते तिला झापायला आले. ती दारात उभी राहिली, मान किंचित कलती करून, गप्प. म्हात्रे चपलांवर बोलले, मग शिस्तीवर, मग हल्लीच्या भाडेकरूंवर. ती गप्पच. आता समोरचा गप्प बसला तर माणूस किती वेळ चपलांवर बोलणार? पंधरा मिनिटांनी ते सांगत होते, की जमिनीचे वाटे झाल्यापासून सख्खा भाऊ गणपतीलाही घरात पाऊल टाकत नाही. जाताना डोळे पुसत गेले. चपला तिथेच राहिल्या. तेव्हापासून सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हात्रे तिच्याकडे पाठ करून बसतात.

पण उपचार कर म्हटलं, की ती हात जोडायची. "शेजाऱ्यांवर उपचार करायचे नाहीत, नियम आहे." आणि दुसऱ्या चांगल्या डॉक्टरांची नावं सुबक अक्षरात लिहून द्यायची.

अडीच-तीन वर्षांत शेकडो चिठ्ठ्यांमधून गाळून तिच्याकडे सत्तावीस वाक्यं उरली. प्रत्येकासमोर चार पर्याय : नेहमी, बऱ्याचदा, कधी कधी, कधीच नाही. प्रबंध इंग्रजीत असल्यामुळे वाक्यांचं इंग्रजी भाषांतर लागणार होतं आणि ते दोघातिघांकडून वेगवेगळं करून घ्यायचं होतं. माझ्या कचेरीतल्या इंग्रजीची मी तिच्यापाशी बरीच फुशारकी मारली होती, तेव्हा तिने पाच वाक्यं मला दिली. मी दोन दिवस खपलो. 'मला कशातच गोडी वाटत नाही' याचं मी केलं, 'द अंडरसाइन्ड फाइंड्स नो स्वीटनेस इन एनी मॅटर.' 'रात्र सरता सरत नाही' याचं, 'द नाइट इज स्टिल पेंडिंग.'

सुजाता हसत हसत जमिनीवर बसली. तिला इतकं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. भाषांतर अर्थातच नापास झालं.

प्रबंध सादर करायच्या आधी तिला विद्यापीठाच्या कमिटीपुढे सगळं काम मांडायचं होतं. त्या दिवशी ती परत आली ती सरळ आमच्याच घरात आली आणि सॅक न काढता खुर्चीच्या कडेवर टेकली. मंगलाने पाणी दिलं.

"सतरावं वाक्य काढून टाका म्हणाले."

"कुठलं ते?" मी विचारलं.

"'पाठीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं.' म्हणे, हे हाडांच्या डॉक्टरकडचं दुखणं आहे, मनाचं नाही. आणि इतक्या थोड्या मुलाखतींच्या आधारावर ठेवता येणार नाही."

"मग काढ की. सव्वीस उरतात," मी आपला व्यवहार सांगितला.

ती बराच वेळ गप्प बसली. पण हे तिचं नेहमीचं, समोरच्याला बोलतं करणारं गप्प बसणं नव्हतं.

"ते आईचं वाक्य आहे, काका."

मग तिने सांगितलं. तिचे वडील ती बारावीत असताना वारले. त्यानंतर आई, कौसाबाई, म्हणायला लागल्या, की पाठीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. वर्षानुवर्षं तेल चोळलं, पट्टा बांधला, एक्स-रे काढले. पाठीत काहीच नाही. तालुक्याच्या एका डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी फॉर्म काढून विचारलंही, "तुम्हाला उदास वाटतं का?" आई म्हणाली, "नाही बा. मी कशाला उदास होऊ?" डॉक्टरांनी 'नाही'वर खूण केली. शेजारी स्टुलावर सुजाता बसली होती.

"मलाही कळलं नाही. खूप वर्षांनी ट्रेनिंगमध्ये एक बाई आल्या आणि अगदी हेच बोलल्या. आमच्या मॅडमनी त्यांना पाठीचं काहीच विचारलं नाही. घरात आता कोण कोण असतं, एवढंच विचारलं. त्या बाई जे रडल्या! मी बाहेर जाऊन आईला फोन केला. मग तिला नांदेडला दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या."

"आता कशा आहेत?" मंगलाने विचारलं.

सुजाता ओशाळली. "शेतात जाते. भजनाला जाते. बरी असावी."

"असावी म्हणजे?"

"मी विचारत नाही, काकू."

ते मात्र खरं होतं. आमच्या भिंती पातळ आहेत. रोज संध्याकाळी तिचा गावी फोन व्हायचा आणि तो आम्हाला पाठ झाला होता : जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं, ठेवते. सगळ्या नवी मुंबईला खोदून खोदून विचारणारी ही मुलगी स्वतःच्या आईला तेवढं विचारत नव्हती. काय उत्तर येईल याची तिला भीती होती.

"मग कमिटीला हे सांग ना!" मी म्हणालो. "दगडालासुद्धा पाझर फुटेल."

"नाही, काका. एक आई म्हणजे पुरावा नाही."

सतरावं वाक्य वाचवायला तिने प्रबंध चार महिने लांबवला. दर रविवारी खांदेश्वरला जायची. तिथे मराठवाड्यातून आलेली बरीच कुटुंबं आहेत, बायका विहारात जमतात. मंगला सोबत जायची, रेकॉर्डर सांभाळायला. सुजाता दगडाचं नावही काढायची नाही. नुसतं विचारायची, की जड दिवस असतो तेव्हा कसं होतं? आणि थांबायची. कोणी म्हणायची पाठीवर वरवंटा ठेवलाय, कोणी म्हणायची पोर कडेवरून उतरवलं तरी ओझं तसंच. आणि दगड तर येतच राहिला. मंगला पहिल्या रविवारी घरी आली ती गप्पगप्पच होती. दुसऱ्या रविवारी मी उठायच्या आधीच ती तयार होऊन दारात उभी.

कमिटीने नवीन मुलाखती वाचल्या. वाक्य राहिलं.

तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, म्हणून आम्ही गेलो. कौसाबाई आदल्या दिवशीच गावाहून आल्या होत्या. बारीक चणीच्या, नवं जांभळं लुगडं. मला म्हणाल्या, "जयभीम भाऊ. लेकीला मारणार तर न्हाईत ना मास्तर?" मी म्हटलं, जयभीम, आणि मास्तरांचीच काळजी करा.

झालंही तसंच. बाहेरून आलेले परीक्षक प्रश्न विचारत होते आणि सुजाता त्यांनाच "म्हणजे नेमकं?" असं उलट विचारत होती. शेवटी त्यांनी सतराव्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे आलं कुठून?" तिने पडद्यावर मराठीत वाक्य दाखवलं, मुलाखतींचे उतारे दाखवले, शांतपणे हिशेब मांडला. मागे एकदाही बघितलं नाही.

कौसाबाई पुढे झुकल्या. पडद्यावरचं वाक्य त्यांनी ओठ हलवत वाचलं. मग माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे तर मी म्हणायची."

"हो," मी म्हणालो. त्याच्यापुढे बोलायचं नसतं हे एव्हाना मी शिकलो होतो.

सुजाता डॉक्टर झाली. सोसायटीत पेढे वाटले. म्हात्र्यांनी समोर तोंड करून अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मायलेकी आमच्याकडे पोह्यांना आल्या. खाऊन झाल्यावर कौसाबाई म्हणाल्या, "तो कागद दे बरं. मी भरते."

"आई, घरच्या माणसाचा फॉर्म आपण घ्यायचा नसतो."

"तू नको घेऊ. भाऊ वाचतील. चष्मा न्हाई आणला मी."

सुजाताने समोरच्या घरातून कागद आणला. तो माझ्या हातात देऊन ती गॅलरीत गेली आणि आमच्याकडे पाठ करून कुंडीतल्या तुळशीची सुकी पानं काढत राहिली. मी एकेक वाक्य वाचायला लागलो. कौसाबाई प्रत्येकावर विचार करायच्या, मग उत्तर द्यायच्या. सतरंजीवर शाळेच्या परीक्षेला बसल्यासारख्या, हात मांडीवर.

"पाठीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं," मी वाचलं.

गॅलरीतला हात थांबला.

कौसाबाई म्हणाल्या, "आधी नेहमीच होतं. आता..." त्यांनी पाठ ताठ करून पाहिली, जणू खरंच चाचपून बघत होत्या. "आता कधी कधी. कधी कधीवर खूण करा, भाऊ. पोर घरी आली की तेवढंही न्हाई."

मी खूण केली. सुजाता आत आली. आईच्या मागे जमिनीवर बसली आणि तिच्या पाठीला कपाळ टेकून राहिली. कौसाबाईंनी मागे न बघता हात नेऊन तिच्या केसांवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "पुढचं वाचा. अजून दहा राहिलेत."