काळोख चोरीला गेला

“माझी नजर घारीची, कान सशाचे, आणि बुद्धीबद्दल मी स्वतःच बोलणं काही बरं दिसत नाही,” असं म्हणून वर्गाचा स्वयंघोषित गुप्तहेर सुगावा बराच वेळ बुद्धीबद्दलच बोलला.

पेन्सिलला त्याचा गळा दाबावासा वाटत होता. फिल्मच्या वर्गात तिला सगळे पेन्सिल म्हणत, कारण कानामागे एक तरी खोवलेली असायचीच. गटाच्या छोट्या फिल्मची सुरुवात तिनं मोठमोठ्या कागदांवर चितारली होती, एका कागदावर एक चौकट. गेल्या आठवड्यात सरांनी “सुरुवातीत जीव नाही” म्हणून ती परत पाठवली होती. आज सर पुन्हा बघायला येणार होते. आजही पटली नाही, तर वर्गातला एकुलता एक कॅमेरा भुतांची फिल्म करणाऱ्या गटाकडे जाणार होता. फिल्म तिच्या आजोबांवर होती आणि तिचा जीव त्यात अडकला होता.

आणि ती हात धुऊन येते तो काय, भिंतीवरून पहिली चौकट गायब!

“घाबरू नकोस. आजपासून तू माझी सहायक,” सुगावा म्हणाला. वास्तविक दिग्दर्शक ती होती आणि हा फक्त संवाद लिहायला होता. “बोल, त्या चौकटीत काय होतं?”

“काळोख.”

“आणि?”

“आणि काय डोंबल? आजोबांचा एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यावर पट्टी आहे. म्हणून आधी नुसता काळोख. सकाळभर कोळशानं कागद घासलाय मी!”

“म्हणजे चोराचे हात काळे असणार.” सुगावानं गर्रकन वळून कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाकडे बोट दाखवलं. प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय असल्यामुळे त्याचं नाव झूम पडलं होतं. “हा शर्टावरचा डाग कसला?”

“हिनं सकाळी हात पुसले माझ्या शर्टाला,” झूम म्हणाला.

“पुसले,” पेन्सिलनं कबूल केलं. “पण सुगावा, तुझ्या नाकावर पण काळं आहे.”

“मी तपासात नाक घालतो, काळं लागणारच,” सुगावा म्हणाला आणि लगेच दुसऱ्या सिद्धांताकडे वळला. “हे भुतांच्या गटाचं काम आहे. त्यांना काळोख लागतो.”

“मग कोळसा विकत घेतील ना! माझा काळोख कशाला नेतील?”

“तयार मिळाला तर कोण घासत बसतंय?” झूम म्हणाला. पेन्सिलनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूटपणे टेबलाखाली शोधायला वाकला.

पेन्सिलचे डोळे भरून आले होते. आजोबांना तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, ‘तुमची फिल्म करणार.’ आता काय तोंड घेऊन घरी जायचं? नवा कागद काळा करायला वेळही उरला नव्हता.

“सापडलं!” सुगावा ओरडला. “आपण उजेडात काळोख शोधतोय. तो दिसणार कसा?” त्यानं दिवा घालवला आणि पुरावे सुरक्षित राहावेत म्हणून बटणांना पाठ टेकून उभा राहिला.

खोलीत डोळ्यात बोट घातलं तरी कळणार नाही असा अंधार झाला. झूम उठायला गेला, टेबलावर डोकं आपटलं आणि त्यानं आईच्या नावानं बोंब ठोकली. तेवढ्यात दार उघडून बंद झालं.

“काय चाललंय रे अंधारात?” सरांचा आवाज आला. ते भिंत चाचपडत बटण शोधू लागले. हाताला सुगावाचा कान लागला. “ईऽऽ! हे काय आहे?”

“सर, मी आहे. तपास चालू आहे.”

“तपास कसला, कर्म माझं!” असं पुटपुटत सर दाराशेजारच्या छोट्या खिडकीकडे सरकले. फिल्म दाखवताना त्या खिडकीवर नेहमीच काळा कागद असायचा, म्हणून कुणी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. सरांनी तो टर्रकन ओढला.

भसकन ऊन आत आलं. सगळ्यांनी डोळे मिटले. पेन्सिलनं हळूहळू उघडले, तर आधी नुसतं पांढरं पांढरं, मग तीन पुसट डोकी, मग सरांचा वैतागलेला चेहरा, आणि त्यांच्या हातात काळा कागद. कागदाच्या मागे तिच्याच अक्षरात पहिल्या चौकटीचा आकडा.

“हा खिडकीला कुणी लावला?” सरांनी विचारलं.

“भिंतीवर ऊन येत होतं, चित्रं दिसेनात,” सुगावा म्हणाला. “म्हणून मी इथलाच एक फालतू काळा कागद...” आणि त्याची बुद्धी तिथंच थबकली.

झूम त्याच्या अंगावर धावून जाणार होता. पण पेन्सिलचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं भिंतीवरची दुसरी चौकट, आजोबांच्या चेहऱ्याची, ओरबाडून काढली.

“अगं, आता ही का?” सर ओरडले.

“चुकलंच होतं सर! मी आजोबांचा चेहरा दाखवत बसले. पण पट्टी सुटल्यावर बघणार आजोबा ना? आधी पांढरं, मग पुसट डोकी, मग एकेक चेहरा. आजी, आई, मी...” बोलता बोलता तिनं कानामागची पेन्सिल काढली आणि जमिनीवरच बसून भराभर रेघा ओढू लागली.

सर बराच वेळ तिच्या खांद्यावरून बघत राहिले. मग त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि झूमच्या हातावर ठेवली.

“जा, कॅमेरा घेऊन ये.” ते पेन्सिलकडे वळले. “आणि पोरी, फिल्म झाली की पहिल्यांदा आजोबांना दाखव. मग मला.”