चाँदखालाचे दोरे

आमच्या गल्लीत नवं मूल दिसलं की चाँदखाला त्याचं तोंड बघायची नाही, मनगट बघायची. मनगटावर दोरा असला तर कुठल्या रंगाचा, दोन असले तर कुठले कुठले. आणि काहीच नसलं तर हळहळायची, "क्या गे, ह्याला आईशिवाय कुणीच पाजलं न्हाई? बिचारं." नुसत्या स्वतःच्या आईच्या दुधावर वाढलेलं मूल तिच्या लेखी अनाथच.

सोलापुरात आमची गल्ली गिरणीच्या भिंतीला लागून. निम्म्या बायका गिरणीत जाणाऱ्या, निम्म्या घरी मागाला मदत करणाऱ्या. भोंगा झाला की तान्ही पोरं मागे ठेवून निघायचं. मागे मूल रडलं तर जी घरी असेल आणि जिला दूध असेल ती पदराखाली घ्यायची. ही रीत चाँदखालाच्या आधीपासूनची. दोरा मात्र तिचा.

खाला एकटीच राहायची. रहाटावर विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची, त्यामुळे रंगीत सुताचे तुकडे तिच्या डब्यात नेहमीचे. तिच्या धर्मात एका बाईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं होतात, त्यांचं लग्न होत नाही. तिच्या धर्मापुरतं ठीक होतं. पण तिनं तो कायदा आख्ख्या गल्लीला लावला. शेजारच्या नरसम्माचं दूध प्यायलेल्याला लाल दोरा, गंगूचं प्यायलेल्याला पिवळा.

नरसम्मा तेलुगू विणकराच्या घरची, गंगू मोहोळकडची शेतकऱ्याची. ह्यांच्या पोरांची लग्नं एकमेकांत कोण लावणार होतं? मी एकदा तसं म्हणाले. खालानं रहाट थांबवला.

"आज न्हाई होत. उद्याचं तू सांगतीस? पुढं गुंता नक्को बाबा."

हे तिचं पालुपद. सूत असो, नातं असो, पुढं गुंता नक्को.

एकदा पोरांनी भातुकलीत लग्न काढलं. नवरी नरसम्माची धाकटी, नवरा गंगूचा नाम्या. टॉवेलाचा अंतरपाट धरला, मंगलाष्टकं म्हणून जे काय येत होतं ते सुरू झालं, आणि खाला हातातली कांडी टाकून पळत आली. टॉवेलच ओढला.

"भाऊभैन हैत! दोघं एका उरावर वाढलीत!"

नवरी भोकाड पसरून रडायला लागली. खालालाही वाईट वाटलं. मग ती दुसरा नवरा शोधायला निघाली. एकेका पोराचं मनगट धरून बघितलं, पण नरसम्माला दूधच इतकं की गल्लीतला एकही पोरगा लाल दोऱ्यावाचून नव्हता. शेवटी खालानं पलीकडच्या घरचा बोकड आणून उभा केला. त्याचे चारही पाय तपासले आणि म्हणाली, "हा चालतो." ते लग्न झालं. वरानं अक्षता खाल्ल्या.

हे सगळं मी आज हसत लिहिते. पण मी त्या गल्लीत आले तेव्हा मला हसू येण्यासारखं काही नव्हतं.

माझं माहेर चिपळूणकडचं. धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून चौथीतच शाळा सुटली आणि लग्न होऊन इतक्या लांब आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईच अंथरुणाला खिळलेली. मुलगी इथंच झाली. आणि मला दूध येईना.

पोर चोखायची, रडायची, दमायची. मी पण रडायचे. कुणाला सांगायचं? लाज वाटायची. आपल्यातच काही कमी आहे असं वाटायचं. मग एके सकाळी ती रडायचीच थांबली. नुसती पडून राहिली, ओठ सुकलेले. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले होते.

दारात खाला उभी. तोवर आमची ओळख म्हणजे मधल्या भिंतीतून येणारी रहाटाची घरघर, एवढीच.

"ए कोकणी, काल पोर रडत होती. आज आवाज का न्हाई?"

मी पोरीवरचं दुपटं बाजूला केलं. तिनं पोरीला बघितलं आणि तिथूनच हाक मारली, "नरसम्माऽ, ये गे!"

आमचे हे दाराशीच होते. अवघडून म्हणाले, "खाला, दुसऱ्या जातीचं दूध... गावी कळलं तर काय म्हणतील?"

"गाव किती लांब तुमचं?"

"लांब आहे. घाट उतरून जावं लागतं."

"मग तितवर दुधाचा वास जातोय का? सरका. वारा येऊ द्या पोरीला."

हे सरकले. नरसम्मा "रा तल्ली, रा" असं तेलुगूत चुचकारत पाजायला बसली, पण पोरीच्या अंगात ओढायचीही ताकद उरली नव्हती. मग नरसम्मानं दूध बोंडल्यात काढून दिलं. खालानं पोरीला मांडीवर घेतलं आणि बोंडल्याच्या चोचीनं थेंब थेंब सोडत बसली. एक थेंब, घोट गिळला का बघायचं, मग दुसरा. त्या दिवशी भिंतीपलीकडचा रहाट फिरला नाही. दुपार कलली तेव्हा पोर रडली, आणि खाला म्हणाली, "हां. आता भांड माझ्याशी."

दर वेळी पाजून झालं की ती पोरीला माझ्या अंगाला लावायची. "रिकामं असू दे. तोंड लागलं की येतंय." गंगू गिरणीतून सुटली की बाजरीची भाकरी आणि शेपू घेऊन यायची. "पोटात काय न्हाय तर उरात कुटनं यील? लाजतीस काय, खा की." तिनं पण मध्ये मध्ये पाजलं.

आणि एका सकाळी माझी चोळी ओली झाली. मी तशीच उठून खालाला दाखवायला गेले. तिनं बघितलं, मान हलवली आणि दोऱ्यांचा डबा काढला.

पोरीच्या मनगटाला एक लाल बांधला, एक पिवळा. डबा बंद करायला लागली.

"आणि तुमचा?" मी विचारलं.

"माझा कशाला? मी कुठं पाजलं?" रहाटाकडं बघत म्हणाली, "मला लेकरूच झालं न्हाई गे. दूध कुटलं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिच्या कायद्यानं सगळी गल्ली एकमेकांची लागत होती, आणि ती कुणाचीच नव्हती.

मी डब्यातून पांढरा दोरा उचलला. "बोंडलं कुणाच्या हातात होतं?"

खालानं तो दोरा बोटाला गुंडाळला, परत सोडला.

"गुंता होईल."

"होऊ दे की," मी म्हणाले.

चालत्या रहाटावर तुटलेलं सूत डोळे मिटून जोडणारी बाई, पण ती गाठ काही तिच्या हातून लवकर बसेना. दोनदा सुटली. मी बोट दाबून धरलं तेव्हा बसली.

दुसऱ्या दिवशी खाला घरोघर फिरून बजावत होती, "कोकणीच्या पोरीचं आमच्या घरात कुणाशी लगीन जमायचं न्हाई. आत्ताच सांगून ठेवते."

तिच्या घरात ती आणि रहाट.