विरोधी मत पाहिजे

बाजारातल्या पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घालावी का, या प्रश्नाचे तीनशे फॉर्म भरून नगरपालिकेत परत आले आणि तीनशेच्या तीनशे फॉर्मांवर लोकांनी ‘हो’ लिहिलं होतं. साहेबांनी गठ्ठा वरून पाहिला, मधून पाहिला, खालून पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

“बाई, हे जनमत वाटत नाही, हजेरी वाटते,” ते म्हणाले. “सुनावणीत समिती म्हणेल, तुम्ही घरी बसून भरलेत. निदान एक तरी विरोधी मत आणा.”

बाई म्हणजे नोंदणी विभागाच्या कारकूनबाई. आयुष्यात त्यांनी कागदावर एकही खोटी तारीख टाकली नव्हती. स्वतःला उशीर झाला तर त्याची नोंदही त्या स्वतःच लाल शाईने करत. शेजारच्या टेबलावरच्या लेखनिकाने सुचवलं, की डाव्या हाताने एक फॉर्म भरून टाका, कटकट मिटेल. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्या दिवशी त्याला उजव्या हातानेही धड काही लिहिता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई बाजाराच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत जाणारे लोक हात हलवत जात होते आणि बाहेर येताना त्यांच्या बोटाबोटाला पिशवी लोंबत होती. बाईंना वाटलं, अर्ध्या तासात काम फत्ते.

पहिलेच गृहस्थ आठ पिशव्या घेऊन आले. पेन धरायला बोट मोकळं नव्हतं, म्हणून बाईंनी आठही पिशव्या आपल्या हातात घेतल्या. गृहस्थांनी लिहिलं, ‘बंदीला पूर्ण पाठिंबा. आधीच फार उशीर झाला आहे.’ पिशव्या परत घेताना एक फाटली, कांदे गडगडत गेले, आणि ते गोळा करायला गृहस्थ नववी पिशवी आणायला आत गेले.

भाजीवाली मावशी म्हणाली, बंदी हवीच, पण गिऱ्हाईक ऐकत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, बंदी हवीच, पण मावशी ऐकत नाही. दोघांनी एकाच पेनाने ‘हो’ लिहिलं आणि मावशीने कोथिंबीर पिशवीत घालून दिली. बाई मग थेट पिशव्यांच्या ठोक व्यापाऱ्याकडे गेल्या. हा तरी पोटावर पाय येतो म्हणून विरोध करील, असा त्यांचा हिशेब होता. व्यापाऱ्याने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि तो बंदीच्या बाजूने दहा मिनिटं कळकळीने बोलला. त्याने जाड पिशव्यांचा माल आधीच भरून ठेवला होता.

आता बाई इरेला पेटल्या. गल्लीतून फिरत त्या प्रत्येकाला स्पष्टच विचारू लागल्या, “विरोध आहे का? असेल तर नाव सांगा.” त्याने व्हायचं तेच झालं. नगरपालिकेची बाई नावं लिहून घेतेय, दंड होणार, अशी बातमी त्यांच्या पुढे दोन दुकानं धावू लागली. पिशव्या ताडपत्रीखाली गेल्या. गिऱ्हाइकांवर टोमॅटो ओढणीत बांधायची वेळ आली. एका आजोबांनी टोपीत लिंबं घेतली आणि ऊन लागतं म्हणून तक्रार केली. सगळा बाजार चिडला. बाईंनी संधी साधून पेन पुढे केलं, तर चिडलेल्या लोकांनी ‘हो’ लिहून दिलं. फक्त बंदी आजपासून नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

भर दुपारी, पायांत गोळे आलेल्या अवस्थेत बाई कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पायरीवर टेकल्या. त्याच्या दुकानात प्लास्टिकचा तुकडा नव्हता. उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून तो लोकांना फुकट देत असे. त्याला विचारण्यात अर्थच नव्हता, तरी नियम म्हणून बाईंनी विचारलं.

“विरोध,” शिंपी म्हणाला.

बाईंनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

“लिहा ना, विरोध. बंदी येणार, बंदी येणार म्हणून जो तो माझ्याकडून कापडी पिशवी नेतो. पुढच्या खेपेला ती घरी विसरतो आणि दुसरी नेतो. माझे शर्ट शिवायचे राहिलेत, बाई.”

त्याने ठसठशीत अक्षरात ‘विरोध’ लिहून सही केली. बाई पायांचं दुखणं विसरून कार्यालयात परतल्या.

सोमवारी सुनावणी होती. बाईंनी फॉर्म भरणाऱ्या झाडून सगळ्यांना पत्रं धाडली होती. शंभर खुर्च्या मांडल्या होत्या. आला एकटा शिंपी. समितीने अर्धा तास वाट पाहिली, चहा घेतला, शिंप्यालाही दिला. मग अध्यक्षांनी नियम वाचला, की लेखी फॉर्म फक्त माहितीसाठी. निर्णय हजर नागरिकांच्या मतावर. हजर नागरिकांपैकी शंभर टक्के विरोधात होते. बंदी एक वर्ष पुढे ढकलण्यात येत आहे, असं सांगून अध्यक्ष उठले.

शिंप्याच्या हातातला कप तसाच राहिला. अजून एक वर्ष बंदी ‘येणार’, म्हणजे अजून एक वर्ष पिशव्या. एकदाची आली, तर लोक व्यापाऱ्याच्या जाड पिशव्या तरी घेतील. तो बाईंजवळ आला आणि हळूच म्हणाला, “बाई, मत बदलता येतं का हो?”

नियमपुस्तक बाईंना तोंडपाठ होतं. ठरावावर समितीच्या सह्या होईपर्यंत मत बदलता येत होतं, आणि सह्यांचा कागद अजून कोराच बाईंच्या हातात होता. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. एक सभासद चप्पल घालत होते, त्यांना त्यांनी ती काढायला लावली. अध्यक्ष जिन्यावरून परत आले. समिती पुन्हा बसली, शिंपी पुन्हा उभा राहिला आणि बंदी आजच लागू करा म्हणाला. कुणाची हरकत आहे का, असं अध्यक्षांनी नव्व्याण्णव रिकाम्या खुर्च्यांना विचारलं. नव्हती.

बाईंनी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, ‘ठराव एकमताने मंजूर.’ ‘एकमताने’ हा शब्द त्यांनी आजवर शेकडो वेळा लिहिला होता. तो इतका तंतोतंत खरा कधीच नव्हता.