मेश्राम मॅडमचा 'दरिया पार'

मेश्राम मॅडमसमोर कोणी 'आफ्रिकन म्युझिक' असा शब्द काढला, की त्या हातातला कप खाली ठेवत आणि विचारत, "तुम्ही एशियन जेवण जेवता काय?"

समोरचा गोंधळे. मॅडम वाट बघत नसत.

"वरण-भात एशियन आहे. जपानातला कच्चा मासाही एशियनच आहे. मंग दोन्ही एकच समजू काय? आफ्रिका काय गाव आहे, का त्याचं एकच गाणं राहीन?"

आयुष्यभर त्यांनी सरकारी शाळांत भूगोल शिकवला. निवृत्त होऊन समता कॉलनीत आमच्या शेजारी राहायला आल्या, तेव्हा रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन काही वर्षं झाली होती. पानठेल्यापासून लाँड्रीपर्यंत प्रत्येकाच्या पाटीवर 'राजधानी' आलं होतं. त्याच भरात एका संस्थेनं छोटंसं रेडिओ केंद्र काढलं. तिथलं काम बघणाऱ्या तिवारीजींना वाटलं, निवृत्त शिक्षिका आहेत, लोणची-पापडांचा कार्यक्रम करतील. मॅडम पिशवीभर कॅसेटी घेऊन गेल्या आणि रविवारी चार वाजताची वेळ घेऊनच उठल्या. कार्यक्रमाचं नाव 'दरिया पार'.

मी विमा कचेरीत कारकून. रविवारी मोकळा. मॅडमचा ऑटोवर राग होता, कारण ऑटोवाले स्वतःच्या पसंतीची गाणी लावतात. म्हणून दर रविवारी माझ्या स्कूटरवर मागे मॅडम, मांडीवर कॅसेटींची पिशवी, आणि संपूर्ण वाटेत माझ्या कानामागे संताप. मी स्टुडिओच्या काचेबाहेर बसून ऐकायचो. सुरुवातीला शेजारधर्म म्हणून, मग आवडायला लागलं म्हणून.

त्या काय वाजवतील याचा नेम नसे. कधी माली देशातलं 'कोरा' नावाचं तारांचं वाद्य. "तुंबा देखा है ना, जिसमें खेत में पानी ले जाते हैं? आधा तुंबा, ऊपर चमड़ा, और इतने सारे तार. अब सुनिए, और बीच में फोन मत उठाइए." कधी काँगोची गिटार, कधी क्यूबा, कधी ब्राझील. गाणी सगळी रेडिओवरून टेप केलेली, त्यामुळे मागे सतत भजी तळल्यासारखा आवाज. एका श्रोत्यानं खरखरीची तक्रार केली, तर म्हणाल्या, "इतना समंदर पार करके आया है, थोड़ा तो भीगेगा."

एकदा त्रिनिदादचं तेलाच्या पिंपांचं वाद्य वाजवलं आणि कार्यक्रमातच भडकल्या. आफ्रिकेतली माणसं गुलाम करून जहाजात कोंबून नेली. त्यांचे ढोल बंद केले. त्यांनी बांबू आपटले. तेही बंद केलं, तर तेलाची रिकामी पिंपं ठोकून ठोकून सूर काढले. "और हमारे यहाँ लोग कहते हैं, ये तो शोर है. जिसका मुँह बंद किया, उसी से पूछते हो कि चिल्लाता क्यों है?"

काचेआड तिवारीजींनी कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की नाव बदलून 'जंगल बीट' ठेवलं तर एक फर्निचरवाला जाहिरात देईल. हे त्यांनी मॅडमना एकदाच सांगितलं. त्यानंतर महिनाभर मॅडम त्यांना नमस्कार करत नव्हत्या.

मग मर्सी आली. आफ्रिकेतल्या मलावी देशाची पोरगी, इथल्या एका कॉलेजात फार्मसी शिकायला. गल्लीच्या टोकाला देशकरांचं घर, वरची खोली रिकामी, फाटकाला 'किराये से देना है' अशी पाटी. मर्सीनं फोनवर विचारलं तेव्हा देशकर म्हणाले, या. ती दारात उभी राहिली तेव्हा म्हणाले, खोली गेली. दोन दिवसांनी पाटी तिथंच होती. ती खाली बघत परत जाताना मॅडमनी तिला थांबवलं, सगळं विचारून घेतलं, आणि तडक देशकरांकडे निघाल्या. सोबत मी.

"देशकर साहेब, खोली भरली, मंग पाटी काहून लटकवून राहिली?"

देशकर आमच्याच बाजूचे, अमरावतीकडचे. त्यांनी आम्हांला खुर्च्या दिल्या. "मॅडम, तुम्ही तर समजदार आहात. याईचं खाणं वेगळं, राहणं वेगळं. शेजारीपाजारी काय म्हणतील? माझं काही नाही."

मला वाटलं, आता देशकरांचं काही खरं नाही. पण मॅडम नुसत्या उठल्या, घरी आल्या आणि मर्सीला म्हणाल्या, "सामान लेके आ. ऊपर का कमरा खाली है." तिथं त्यांचे नकाशे ठेवलेले होते. ते मी खाली आणले.

रविवारी माइकसमोर मात्र बोलल्या. "आज का पहला गाना उस घर के लिए, जहाँ बोर्ड लगा है और कमरा भरा है. गुलाबी गेट है, दो अशोक के पेड़ हैं. वहाँ कमरा आदमी को नहीं, रंग को दिया जाता है." मग गाणं सुरू झालं.

नाव घेतलं नव्हतं, पण कॉलनीला घर कळलं. सोमवारी देशकर चार माणसं घेऊन केंद्रावर गेले. चारांतल्या एकानंही कार्यक्रम कधी ऐकला नव्हता. तिवारीजींनी मॅडमना बोलावलं. "मैडम, अगले संडे माफी माँग लीजिए. बात खतम."

"माँगूँगी," मॅडम शांतपणे म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. स्कूटरवर मी बोललोच, "तुम्ही कशाला माफी मागता? चूक कोणाची, मागतं कोण?" त्या म्हणाल्या, "भाऊ, समोर पाहून चालवा."

त्या रविवारी कॉलनीतल्या घराघरांत रेडिओ लागला. मॅडमनी चष्मा पुसला आणि माइक जवळ घेतला.

"पिछले हफ्ते मुझसे गलती हुई. मैंने कहा था, गेट गुलाबी है. मैंने जाकर फिर से देखा. गेट बादामी है. माफी चाहती हूँ. बाकी सब सही था."

'दरिया पार' त्या दिवशी संपला. पुढच्या रविवारपासून चार वाजता फर्माइशी गाणी लागली. कॉलनीतल्या लोकांनी मॅडमना सांगितलं, जाऊ द्या, वयाप्रमाणं आता आराम करा. आराम हा शब्द मी इतक्या निर्लज्जपणे वापरलेला कधी ऐकला नाही. मी तिवारीजींना फोन करून जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आप तो सुनते भी काँच के बाहर से थे."

रविवारी दुपारी सवयीनं मी मॅडमकडे गेलो. स्वयंपाकघरात मर्सी मोबाइलवर हिंदी सिनेमाचं गाणं लावून कांदा चिरत होती. मॅडमच्या खजिन्यातली सगळी गाणी तिनं पहिल्याच आठवड्यात निकालात काढली होती: "मौसी, ये तो मेरे नाना के टाइम का है." मॅडम खाटेवर बसून होत्या. मी विचारलं, "तुम्हाला हा नाद लागला कसा?"

"इथं जवळच अभनपूरले पहिली नोकरी लागली ना, तवा," त्या म्हणाल्या. "तिथं मले कोणी खोली देईना. आडनाव सांगतलं का खोली भरून जाये. शेवटी शाळेच्या सामानाच्या खोलीत राहिली. भिंतीपलीकडे मास्तर लोकं चहा पीत बसत. माझ्याबद्दल काय बोलून राहिले, ते सगळं ऐकू ये. मराठी समजे, हिंदी समजे, छत्तीसगढीही समजे. तेच तर वाईट होतं."

मर्सीनं गाणं थोडं हळू केलं.

"बाबा रेल्वेत फिटर होते. त्याईनं रेडिओ देला होता. शाळा सुटली का मी काटा फिरवत बसे, न समजणाऱ्या भाषेपर्यंत. एक दिवस कुठूनशी एक बाई गाऊन राहिली होती. एक शब्द समजत नव्हता. मंग मीच ठरवलं, का हे मलेच म्हणून राहिली, ये, बस."

मर्सीला मराठी येत नव्हती. तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिसरं ताट मांडलं.