चाळीस वर्षं पुढे ढकललेलं अंतराळ

खेळ चालवावा तर मी! असं लोक म्हणत नाहीत, मीच म्हणतो, पण अगदी मनापासून म्हणतो. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर अख्खं अंतराळ मांडलं जातं. मी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन बोलायचं, आणि कोण वाचलं, कोण बुडालं ते फाशांनी ठरवायचं. बायको यानाची इंजिनिअर. माझा मित्र, एरवी दातांचा डॉक्टर, इथे अट्टल तस्कर. आणि कप्तान म्हणजे वरच्या मजल्यावर एकटे राहणारे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते घराबाहेर पडतात ते फक्त या खेळासाठी. जन्मभर क्रेन चालवलेला माणूस! यान धक्क्याला लावताना अजूनही हवेत दांडे ओढतात.

तक्रार काढली डॉक्टरने.

"लेका, सहा वर्षं झाली! युद्ध पेटणार, पेटणार, आणि पेटत काही नाही. तुझ्या विश्वात कॅलेंडर नाही का?"

मनाला लागलं. डोकं खाजवून खाजवून शेवटी ठरवलं, काळ एकदम चाळीस वर्षं पुढे! युद्ध होऊन गेलेलं, नवे राजे, नवे ग्रह! उत्साहाच्या भरात सगळ्यांना मेसेज ठोकला: "मंडळी, आपला खेळ चाळीस वर्षं पुढे ढकलला आहे!"

लग्न पुढे ढकलतात, परीक्षा पुढे ढकलतात, हे मलाही कळतं. पण त्या क्षणी मी ग्रह ढकलत होतो हो!

शनिवार उजाडला. बायको दोन दिवस गप्प होती. मला वाटलं, उत्सुकता शिगेला पोचली आहे. संध्याकाळी नकाशा पसरला, फासे मांडले. कोणी येईना.

"सगळे कुठे राहिले?" मी विचारलं.

"कोण येणार?" बायको कडाडली. "तूच खेळ बंद केलास ना? आणि बाबांना कळवतोस काय, तर चाळीस वर्षांनी या! त्यांचं वय काय, तू बोलतोस काय! सकाळपासून दार उघडत नाहीयेत. आतूनच 'बरा आहे' म्हणतात."

मी तसाच जिन्याकडे धावलो, मागून बायको. मध्येच डॉक्टर भेटला. माझी तब्येत बिघडली की काय, हे बघायला आला होता. त्यालाही ओढत वर नेलं.

"बाबा, दार उघडा!"

"चाळीस वर्षांनी या!" आतून आवाज आला.

"अहो, खेळ आजच आहे! गोष्टीतला काळ पुढे गेलाय, खेळ नाही!"

कडी वाजली. दार फटीएवढं उघडलं.

"म्हणजे माझा कप्तान..." सासऱ्यांनी मनात हिशेब केला. "तो चौसष्ट वर्षांचा होता."

खोटं बोलायला हवं होतं. पण तोंडाला कुलूप कधी होतं?

"तो आता नाही राहिला, बाबा."

बायकोने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "मी कॅलेंडर मागितलं होतं, माणसं मारायला कोणी सांगितलं?" डॉक्टर पुटपुटला. सासरे खाली बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काळ मागे नेतो, बाबा! आत्ताच्या आत्ता! युद्ध पेटायचं राहिलं तर राहू दे!"

"अजिबात नाही." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "गेलेलं माणूस परत आणता येत नाही, जावईबापू. मला विचारा. आणि त्या बिचाऱ्याने तरी एकाच युद्धाची किती वर्षं वाट बघायची?"

मग त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"आता तुम्ही कोण होणार?" मी घाबरत घाबरत विचारलं.

"कप्तानाला मुलगी होती ना? म्हणजे जावई असणारच. तो मी. काम शून्य, बडबड भरपूर, आणि यान मात्र सासऱ्याचं! रोज बघतोय, शिकायला काही उरलं नाही."

पहिल्याच फाशाला त्या जावयाने यान धक्क्यावर आपटलं आणि दोष नकाशाला दिला.

"अगदी हुबेहूब!" बायको आणि डॉक्टर एकदम ओरडले.

हसलो मीही. जरा उशिरा.